डावं ते डावंच

आमच्या गावात पोहायला शिकवण्याची पद्धत साधी होती. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि विहिरीच्या पायरीवरून ढकलून द्यायचं. दोन-चार गटांगळ्या, नाकातोंडात पाणी, काठावरच्या पोरांचं खिदळणं आणि हातपाय झाडत झाडत वर. पुढच्या उन्हाळ्यात भोपळा सुटायचा, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मुटका मारता यायचा. वर कुठं आहे, हे मात्र कुणी कधी शिकवलं नाही. शिकवायचं काय त्यात? वर म्हणजे उजेड, वर म्हणजे विहिरीच्या तोंडाएवढं गोल आभाळ.

नौदलाच्या वैमानिकांना ज्या यंत्रात बसवतात, ते हे ‘वर’च काढून घेतं.

या यंत्राला जगभर ‘डंकर’ म्हणतात. डंकर म्हणजे बुचकळणारा. आपल्याकडे कोचीला, आयएनएस गरुड या नौदलाच्या हवाई तळावर, पाण्यात पडल्यावर जिवंत कसं राहायचं ते शिकवणारं केंद्र आहे. तिथं तो आहे. खोल तलाव, वर यारी, आणि यारीला टांगलेला एखाद्या मोठ्या पिंपासारखा सांगाडा. त्याला हेलिकॉप्टरसारख्या खिडक्या, आत आसनं, आसनांना खांद्यावरून आणि कमरेवरून येणारे पट्टे. इंजिन नाही, पाती नाहीत, शेपटी नाही. उडण्याशी ज्याचा संबंध, ते सगळं वगळलेलं. पडण्यापुरतंच हेलिकॉप्टर.

आणि ते पाण्यात शिरून उलटं होतं. मुद्दाम, दर वेळी, पुरत्या अर्ध्या फेऱ्यानं.

उलटंच का, हे पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण विचारतो. उत्तर वजनात आहे. इंजिनं, गिअरबॉक्स, पाती हा सगळा जड माल हेलिकॉप्टरच्या छतावर, आणि खाली माणसं बसायची पोकळ खोली. जमिनीवर हे चालून जातं. पाण्यावर मात्र डोक्यावर भरली घागर घेऊन होडीत उभं राहिलेल्या माणसासारखी त्याची गत होते. पोटाशी बसवलेले फुगे वेळेवर फुगले आणि समुद्र शांत असला तर ते काही वेळ तरंगतं. नाहीतर कुशीवर जातं, पालथं होतं आणि बुडू लागतं. दुःखाची गोष्ट अशी, की आदळण्यातून वाचलेली, हाडं शाबूत असलेली, शुद्धीवर असलेली माणसं अशा वेळी खुर्चीत बसल्या जागी बुडतात. त्यांना बाहेर पडायला बळ कमी पडत नाही. दार सापडत नाही.

ही गोष्ट हेलिकॉप्टरच्या आधी विमानांनी शिकवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाचे वैमानिक समुद्रात उतरल्यावर कॉकपिटमध्येच अडकून जात होते. विल्फ्रेड कानेब नावाच्या अभियंता-अधिकाऱ्यानं त्यावर तोड काढली. तलावाच्या काठावर उतरते रूळ घातले, त्यांवर कॉकपिटचा सांगाडा बसवला आणि माणसासकट सोडून दिला. तो घसरत पाण्यात जायचा आणि उलटायचा. पोरांनी त्याला नाव दिलं ‘डिल्बर्ट डंकर’. डिल्बर्ट हा रॉबर्ट ऑस्बर्नच्या व्यंगचित्रांतला वैमानिक. करू नये ते सगळं करणारा धांदरट. पुढं याच नावाच्या, कचेरीत काम करणाऱ्या दुसऱ्या व्यंगचित्र-पात्रानं जग जिंकलं, त्याच्या कितीतरी आधीचा हा. १९८२च्या ‘ॲन ऑफिसर अँड अ जंटलमन’ या सिनेमात हे यंत्र दिसतं, आणि त्यात एक प्रशिक्षणार्थी अडकतो तो प्रसंग पाहताना आपलाच श्वास कोंडतो.

हेलिकॉप्टरं आली तसा एका माणसाचा सांगाडा जाऊन अनेक आसनांचा पिंजरा आला. उपयोग किती, याचाही हिशेब अमेरिकी नौदलानं ठेवला. १९६३ ते १९७५ या काळात त्यांची २३४ हेलिकॉप्टरं पाण्यात पडली. आत १,०९३ माणसं होती, त्यांतली १९६ गेली. ज्यांना पाण्याखालून बाहेर पडावं लागलं त्यांचा हिशेब वेगळा मांडला, तेव्हा हे प्रशिक्षण घेतलेल्यांतले ९० टक्क्यांहून अधिक वाचलेले दिसले, न घेतलेल्यांतले सुमारे दोन तृतीयांश. फरक काही मिनिटांच्या बुचकळण्याचा.

आता आपण आत बसू. अंगात ओव्हरऑल, पायांत बूट, डोक्यावर हेल्मेट, छातीवर न फुगवलेलं जाकीट. डाव्या हाताला खिडकी. पिंजऱ्याभोवती पाणबुडे, आतही एखादा. यारीच्या बटणांपाशी बसलेल्याची नजर त्यांच्या हातांच्या खुणांवर. प्रशिक्षक आधी सगळं चाचपायला लावतो. खिडकीची चौकट कुठं? ढकलायचा कोपरा कोणता? बकल कुठं? आता डोळे मिटून दाखवा. पुन्हा. बालवाडीत नाक कुठं, कान कुठं विचारतात, तसंच. हसू येतं, पण हसायचं नाही.

‘ब्रेस, ब्रेस, ब्रेस!’

पिंजरा खाली निघतो. पाणी आधी बुटांत, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवरून पोटाला. पोटाला लागलं की श्वास आपोआप आखडतो. ते वर चढत येताना एकच घालमेल: शेवटचा श्वास आत्ता घ्यावा की आणखी थोडं थांबून? घेतो न घेतो तोच जग फिरतं.

उलटं झाल्यावर पाणी नाकातून थेट कपाळामागं चढतं. फोडणीत मिरची जास्त पडल्यावर जसा सणका जातो, तसं. कानाच्या आतला, तोल सांभाळणारा द्रव पिंजरा थांबल्यावरही फिरतच राहतो. शरीराचं ओझं पाण्यानं उचललेलं असतं, त्यामुळं खुर्ची खाली आहे की वर, हे बुडाला कळत नाही. डोळे उघडावेत तर नुसते बुडबुडे. दोन्ही हातांना काहीतरी करायचं असतं, कशालाही ओरबाडायचं असतं. आणि नेमकं आत्ताच काही करायचं नसतं.

थांबायचं. मनात आकडे मोजायचे. खऱ्या अपघातात या वेळी वर पाती अजून फिरत असतात, आणि फुटलेल्या खिडक्यांतून लोंढा आत घुसत असतो. त्याच्या तोंडावर जाऊन बाहेर पडता येत नाही. आतबाहेर पाणी सारखं झालं की वाट मोकळी होते. त्याला लागणारे पाच-सात सेकंद इथं वाचताना काहीच वाटत नाहीत.

पट्टाही लगेच सोडायचा नाही. तो बेडीसारखा वाटतो खरा, पण तोच तुम्हाला खुर्चीला धरून आहे आणि खुर्ची खिडकीशेजारी आहे. पट्टा सुटला की पाणी अंगाला नेईल तिकडं नेतं. शिवाय खिडकी ढकलायला पाठीला टेका लागतो. मोकळा तरंगणारा माणूस खिडकी ढकलतो तेव्हा खिडकी जागची हलत नाही, तोच मागं जातो. म्हणून क्रम ठरलेला: एक हात खिडकीच्या चौकटीवर, दुसऱ्यानं खिडकी ढकल, मग बकल सोड, आणि चौकटीवरचा हात न सोडता स्वतःला बाहेर ओढ.

तो न सोडायचा हात, हा या विद्येचा गाभा. प्रशिक्षणाच्या भाषेत त्याला ‘रेफरन्स’ म्हणतात. पाण्याखाली उलटं टांगल्यावर वर-खाली हरवतं, पुढं-मागं गोंधळतं. पण खिडकी बसताना डाव्या हाताला होती, तर उलटल्यावरही डाव्याच हाताला असते. तुमची डावी बाजू तुमच्याबरोबरच उलटलेली असते. ऐकताना हे इतकं बाळबोध वाटतं की कुणी वहीत लिहूनही घेणार नाही. पाण्याखाली मात्र मेंदू वाद घालतो: मी उलटा आहे, म्हणजे खिडकी आता उजवीकडं गेली असणार. या वादात जो हात खिडकी सोडतो, तो मग छत चाचपत राहतो. म्हणून नंतरच्या फेऱ्या वाढत्या अवघड. एकात खिडकी अडकल्याचं धरून समोरच्या बाजूनं निघायचं, आसनांना धरत धरत, एक हात पुढं पक्का झाल्याशिवाय मागचा न सोडता. दुसऱ्यात दिवे घालवतात. काळोखात खरं म्हणजे नवीन काही नसतं. डोळ्यांचा उपयोग आधीही नव्हता. फक्त आता ते मान्य करावं लागतं.

मला वाटतं, पट्टीच्या पोहणाऱ्याला इथं उलट त्रासच होत असावा. त्याच्या अंगात वर झेपावणं मुरलेलं असतं. पिंजऱ्यात झेपावलं तर डोकं आपटतं. आणखी एक सवय नडते ती गाडीची. मोटारीतल्या पट्ट्याचं बटण कमरेशी असतं. हेलिकॉप्टरचं बकल पोटावर, मधोमध. घाबरलेला हात वर्षानुवर्षांच्या सवयीनं कमरेशी जातो आणि नसलेलं बटण दाबत बसतो. हातांना आपण काय काय शिकवून ठेवलंय, हे अशा वेळी कळतं.

जाकीट आत फुगवायचं नाही हा तसाच एक नियम. जीव वाचवायला दिलेलं जाकीट आत फुगवलं तर ते माणसाला वर उचलतं, आणि बुडत्या खोलीत ‘वर’ म्हणजे छत, किंवा उलटल्यावर जमीन. तिथं तो चिकटून राहतो. बुडी मारून दारापर्यंत जाता येत नाही. २३ नोव्हेंबर १९९६ला इथिओपियन एअरलाइन्सचं अपहरण झालेलं विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं. या विमानाचा प्रवास आपल्या मुंबईहून सुरू झाला होता. १७५ जणांपैकी १२५ गेले. कित्येकांनी आतच जाकिटं फुगवली होती. विमानात हवाई सुंदरी ‘बाहेर पडल्यावरच फुगवा’ म्हणून सांगते, तेव्हा आपण खिडकीतून बाहेर बघत असतो.

लष्करी प्रशिक्षणात पाण्याचे इतरही पाठ आहेत, आणि ते बघत गेलं की एक गंमत दिसते. विमानातून उडी घेतलेला वैमानिक समुद्रात पडला आणि ओलं पॅराशूट त्याच्या डोक्यावर पसरलं, तर ते फाडायची, झटकायची धडपड करायची नाही. कापडाची एक शिवण शोधायची, ती बोटांत धरायची आणि तिच्याच मागं मागं कडेपर्यंत जायचं. मधेच शिवण बदलली की माणूस गोल गोल फिरत राहतो. अमेरिकी सील कमांडोंचे हात मागं आणि पाय एकत्र बांधून त्यांना तलावात सोडतात, धडपडणारा दमतो. शांतपणे तळापर्यंत जाऊन पायांनी हलका रेटा देणारा पुन्हा पुन्हा वर येऊन श्वास घेत राहतो. बुडालेल्या पाणबुडीतून मोकळ्या अंगानं वर येणाऱ्याला तर श्वास रोखायचीच बंदी. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो; वर येताना छातीतली हवा फुगत जाते, म्हणून वाटभर ती सोडत राहायची. ज्याला श्वास हवाय त्यानं श्वास सोडायचा. विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहन या नौदलाच्या पाणबुडी-प्रशिक्षण तळावर डिसेंबर २०२४मध्ये ‘विनेत्र’ नावाची नवी सोय सुरू झाली. ५ मीटरचा मनोरा आणि त्याला जोडलेला बुडी मारायचा तलाव. माझगाव गोदीत बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांवरचे नौसैनिक तिथं हेच गिरवतात.

डंकर आता लष्कराच्या हातून थोडा निसटलाय. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायचे तेलफलाट आहेत, आणि जुहूहून उडणाऱ्या हेलिकॉप्टरांत तिथला वेल्डर असतो, स्वयंपाकीही असतो. २८ जून २०२२ला नऊ जणांना घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर सागर किरण या रिगजवळ समुद्रात उतरलं. फुगे फुगले होते, तरी चार जण गेले. पुढच्या वर्षी ८ मार्चला नौदलाचं ध्रुव हेलिकॉप्टर मुंबईच्या किनाऱ्याजवळ पाण्यावर उतरलं. तिघंही सुखरूप परतले. या दोन घटनांवरून प्रशिक्षणाचा निवाडा करणं चुकीचं ठरेल. समुद्र, वेळ, यंत्र सगळंच वेगळं होतं. पण स्वयंपाक्यालाही पिंजऱ्यात बसवायला हवं, याबद्दल दुमत नसावं. दक्षिण गोव्यात बेतूलला ओएनजीसीची सुरक्षा-प्रशिक्षण संस्था आहेच; फेब्रुवारी २०२४मध्ये गोव्यात तिच्या नव्या सागरी केंद्राचं उद्घाटन झालं, वर्षाला १० ते १५ हजार माणसांना शिकवता येईल अशा अपेक्षेनं.

शेवटची फेरी संपते तेव्हा माणूस शिडीला धरून दम खात उभा राहतो. पाणबुडा अंगठा वर करून विचारतो, हा मान हलवतो. टॉवेल, गरम चहा, नोंदवहीत सही. घरी फोन करून ‘काही विशेष नाही’ म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधायला खाली वाकतो, आणि कपाळामागं कुठंतरी थांबून राहिलेलं तलावातलं क्लोरीनचं पाणी नाकातून टपकन बुटावर पडतं.