रोम बुडालं तर सगळेच हरले!
राजकारणाची आवड असेल तर ‘रिपब्लिक ऑफ रोम’ हा १९९० साली आलेला बोर्डगेम खेळाच. प्रत्येक खेळाडू प्राचीन रोमच्या सिनेटमधल्या एका गटाचा म्होरक्या. सत्ता चालवणारा कॉन्सल कोण, फौज कुणाच्या हाती, खटला कुणावर, सगळं वाटाघाटी आणि मतदानातून ठरतं. खरी रंगत युद्धात येते. कार्थेजसारख्या शत्रूला हरवायला कर्तबगार सेनापतीच हवा. पण जिंकला की त्याचं वजन वाढतं आणि तो बंड करून रोमवरच चालून येऊ शकतो. मग पाठवायचा कुणाला? त्यात एकाच वेळी चार युद्धं अंगावर राहिली किंवा तिजोरीला खर्च झेपला नाही, तर रोम बुडतं, सगळेच हरतात. म्हणून ज्याचा काटा काढायचा, त्याच्याशीच हातमिळवणी करावी लागते. चार-पाच बोलघेवडे मित्र मात्र जमवा!