आज्ञार्थ आणि विध्यर्थ : कंटेनर-व्यवस्थापनातील एक भेद

‘कंटेनर सुरू कर’ हा आज्ञार्थ. ‘कंटेनर सुरू असावा’ हा विध्यर्थ. लिनक्स सर्व्हरांच्या व्यवस्थापनात हा भेद केवळ व्याकरणाचा राहत नाही. डॉकरच्या आज्ञांची यादी मध्येच खंडित झाली आणि आरंभापासून पुन्हा चालविली, तर त्या नावाचा कंटेनर आधीच असल्याने ती अडते. २०१२ साली आलेले अ‍ॅन्सिबल हे साधन मात्र इष्ट स्थितीचे वर्णन वाचते, प्रत्यक्ष स्थितीशी ते ताडून पाहते आणि उणीव तेवढी भरून काढते. म्हणून तेच वर्णन पुनःपुन्हा चालविले तरी परिणाम एकच.

अट एवढीच, की वर्णन असंदिग्ध असावे. ज्या इमेजवरून कंटेनर घडावयाचा, तिच्या आवृत्तिक्रमांकाऐवजी ‘लेटेस्ट’ लिहिले, तर भिन्न दिवशी उभारलेल्या दोन सर्व्हरांवर एकाच वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात. ‘लेटेस्ट’ हे ‘आज’प्रमाणेच कालसापेक्ष पद होय, विध्यर्थाला येथे निश्चित नामच हवे.