काकांची जीप आणि सहा सिलिंडरचं स्वप्न

शहाद्याच्या एका गॅरेजमध्ये काकांची जुनी जीप उभी आहे. पाटी अजून एमएच-18ची, म्हणजे 1998मध्ये नंदुरबार जिल्हा वेगळा होण्याआधीची. इंजिनानं मान टाकलीय. रील्समध्ये जुन्या गाड्यांत सहा सिलिंडरचं इंजिन बसवलेलं पाहून मी मिस्त्रींना म्हटलं, आपणही करू या ना!

मिस्त्री हसले. ‘‘ताई, इंजिन बसवू हो. पण मग गिअरबॉक्स, रेडिएटर, ब्रेक सगळंच बदला. नाहीतर तोरणमाळचा घाट उतरताना कळेल!’’

ओढ उगाच नाही. एका रांगेतल्या सहा सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दर 120 अंशांना एक स्फोट होतो, पिस्टनचे धक्के आपसातच जिरतात. गाडी थरथरत नाही. पण हे इंजिन लांबलचक, आणि जीपचं बॉनेट पडलं चार सिलिंडरच्या मापाचं.

त्यात कायदा. मोटार वाहन अधिनियम 1988चं कलम 52 सांगतं, आरसीवरच्या मूळ तपशिलात परस्पर बदल चालत नाही. सुप्रीम कोर्टानंही 2019मध्ये हेच बजावलं. उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी आधी बॉनेटच उघडणार!

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘‘जुनंच बोअर करून घेऊ.’’ मिस्त्रींनी हेड खोललंय. पिस्टन मागवलेत, चारच.