ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्च : स्वायत्तता व लोकसेवा

न्यूयॉर्कमधील ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चची स्थापना इ. स. १८०८ मध्ये झाली. उपासनेच्या वेळी वर्णानुसार वेगळे बसविण्याची प्रथा अमान्य करून फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चमधून बाहेर पडलेल्या कृष्णवर्णीय उपासकांनी ही मंडळी उभारली. ॲबिसिनिया हे इथिओपियाचे जुने नाव होय.

बॅप्टिस्ट पंथात प्रत्येक मंडळी स्वायत्त असते. पाळकाची निवड व निधीचा विनियोग तिच्याच हाती असतो. या चर्चच्या लोकसेवेचे मर्म याच व्यवस्थेत आहे. १९२३ मध्ये हार्लेम विभागात त्याचे नवे उपासनामंदिर पूर्ण झाले. पुढे महामंदीच्या काळात पाळक थोरले ॲडम क्लेटन पॉवेल यांच्या नेतृत्वाखाली तेथे भुकेल्यांसाठी मोफत भोजनाची सोय झाली. १९३७ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या त्यांच्या पुत्राने, कृष्णवर्णीयांना नोकरी नाकारणाऱ्या हार्लेममधील दुकानांवर बहिष्काराची चळवळ चालविली. १९४४ मध्ये तो अमेरिकन काँग्रेसवर निवडून आला. १९८९ मध्ये चर्चच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या विकाससंस्थेने विभागात घरबांधणीचे कार्य हाती घेतले.

ज्या पाळकाचे वेतन मंडळीच्या वर्गणीतून येते, त्यास दुकानदारांचा रोष पत्करता येतो. आसनाच्या मानापासून आरंभ झालेला हा लढा अन्न, नोकरी व निवारा यांपर्यंत पोहोचला, तो या आर्थिक स्वातंत्र्याच्या बळावर.