तिसऱ्याच्या तारखा

गोरेगावातल्या एका संकलनाच्या खोलीत, खिडकीला काळा कापडी पडदा लावून, एका मुलीचं प्रेम कोणावर आहे ते ठरत होतं. मुलगी मॉनिटरवर गप्प उभी. संकलकाने तिचा चेहरा दोनतीनदा मागेपुढे नेला आणि शॉट बारा फ्रेमनी लांबवला. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात ती द्विधा मनःस्थितीत सापडल्यासारखी दिसायला लागली. प्रत्यक्षात संवाद संपला होता आणि दिग्दर्शक ‘कट’ कधी म्हणतोय याची ती वाट पाहत होती.

सिनेमाचं नाव सांगून उपयोग नाही, कोणाला आठवणार नाही. पुण्यातली मुलगी, तिचा शेजारचा साधासुधा मित्र आणि मधेच उगवलेला देखणा तिसरा. संहितेत दम नव्हता, पण सहायक दिग्दर्शकाने केलेला तारखांचा तक्ता मी कादंबरीसारखा वाचला. तिसऱ्याच्या भूमिकेला मालिकेतला ओळखीचा चेहरा घेतला होता, पोस्टरवर कोणीतरी ओळखीचं हवं म्हणून. त्याचा दिवसाचा आकडा मोठा, मालिकेतून मिळालेली सुट्टी पाच दिवसांची. नायक नवखा, त्यामुळे सगळे दिवस हजर. मुलगी कोणाच्या गळ्यात माळ घालणार हे त्या तक्त्यातच ठरलेलं. पाच दिवसांच्या माणसाला शेवटचा प्रसंग कोण देणार? हा निर्णय तिच्या मनाने घेतलाय असं भासवणं, एवढंच काम आता संकलकाकडे उरलं होतं.

अशा सिनेमांत माणसं फोनवर इतकं का बोलतात, हे मला तिथे कळलं. फोनवर बोलणाऱ्या दोघांना एका दिवशी एका जागी आणावं लागत नाही. ती गच्चीवर जूनमध्ये बोलली, तो ऑगस्टमध्ये गाडीत बसून बोलला. भांडण मात्र एकाच रात्रीचं. तिच्यावर ऊन पडलेलं, म्हणून चित्र निळं करून रात्र आणली. समोरासमोरच्या प्रसंगांत आणखी गंमत. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा असताना अलीकडे जो पाठमोरा खांदा दिसतो, तो तिसऱ्याचा नव्हताच. तो निघून गेल्यावर त्याचा शर्ट एका सहायकाला चढवला होता. संकलकाच्या हाताखालचा मुलगा म्हणाला, “दादा, कान बघा ना.” कान खरंच वेगळा होता, बाहेर आलेला. मग चित्र थोडं मोठं करून कान कडेबाहेर ढकलला. चित्र जरा भुरकट झालं. चालतंय.

यात पैशाची चणचण हे कारण दरवेळी पुढे केलं जातं, ते मला पुरतं पटत नाही. बासू चटर्जींचा ‘छोटी सी बात’ (१९७६) आठवा. अमोल पालेकर बसस्टॉपवर ताटकळतोय, असरानी स्कूटर घेऊन येतो आणि विद्या सिन्हाला मागे बसवून निघून जातो. बसस्टॉप, स्कूटर, तीन माणसं, बस्स. त्यात महागडं काय आहे? पण तिघं एका वेळी एका ठिकाणी आहेत, आणि पालेकरांचा पडलेला चेहरा पाहायला प्रेक्षकही तिथेच आहे. आमच्या सिनेमात तिघं मिळून एका चौकटीत यायला मध्यंतर उलटावं लागलं, तेही हळदीच्या गर्दीत, अर्ध्या दिवसात उरकलेलं. त्रिकोणाच्या बाजू स्वतंत्र आखल्या होत्या, आता टाइमलाइनवर त्यांची टोकं जुळवायची होती.

त्या कामात संकलकाचं लक्ष टेकवर कमी आणि टेकच्या आजूबाजूला जास्त. क्लॅप वाजल्यावर आणि ‘अ‍ॅक्शन’ ऐकू येण्याआधी नट काही क्षण रिकामा असतो. ‘कट’नंतरही चेहरा सैल पडतो. या सांदीकोपऱ्यांतून त्याने नायकाचा मत्सर गोळा केला. एका ठिकाणी नायक चिडून बाजूला पाहतो. तिकडे म्हणे कोणीतरी छत्री पाडली होती. ती नजर उचलून संकलकाने तिसऱ्याच्या गाडीच्या शॉटपुढे लावली, आणि संहितेत तीन पानं बोलूनही न जमलेलं काम झालं. अभिनय करताना हा मुलगा भुवया फार उडवायचा. नकळत टिपला गेला तेव्हा चांगला दिसला.

राहिला प्रश्न तिसऱ्याचं करायचं काय. त्याच्या निरोपाचा प्रसंग लिहिलेला होता, पण पाचव्या दिवशी पाऊस आला आणि तो चित्रित झालाच नाही. शेवटी तो कॅनडाला गेला, फोनवरच. मालिकेच्या सेटवर मेकअपच्या गाडीत बसून त्याने दोन वाक्यं मोबाइलवर बोलून पाठवली. मागे जनरेटरची घरघर येत होती आणि ती काही केल्या निघेना. संकलकाने तिच्यावर विमानतळाचा गलबला आणि एक अस्पष्ट घोषणा चढवली.

“आता हे विमानाचं इंजिन,” तो म्हणाला आणि पुढच्या रिळाकडे वळला.