ज्यूंचा पंथ जगाचा धर्म कसा झाला? मुद्दा पंगतीचा होता

येशू ज्यू होता. त्याचे पहिले अनुयायीही ज्यूच होते. इ.स. ३० च्या सुमारास रोमन सुभेदार पाँटियस पायलेट याच्या हुकुमाने त्याला क्रुसावर चढवण्यात आले. त्यानंतरही हे अनुयायी जेरुसलेमच्या मंदिरात जात होते, ज्यू धर्मशास्त्र पाळत होते. आपण नवा धर्म काढला आहे, असे त्यांना वाटत नव्हते. मग हा छोटा ज्यू पंथ ग्रीक, सिरियन आणि रोमन लोकांत पसरला कसा? धम्मचळवळीत काम करणाऱ्या तरुणांनी हा इतिहास समजून घ्यावा. कारण त्याच्या मुळाशी एक ओळखीचा प्रश्न आहे: बाहेरचा माणूस आत येऊ लागला, तर त्याच्यासमोर अट कोणती ठेवायची?

त्या काळी रोमन साम्राज्यातील बहुतेक मोठ्या शहरांत ज्यूंची वस्ती आणि सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळे होती. त्यांच्या धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर आधीच झालेले होते. एकच ईश्वर आणि नीतीचे कडक नियम यांमुळे अनेक यहुदीतर लोक तिकडे ओढले जात. त्यांना ‘देवभीरू’ म्हणत. पण पूर्ण ज्यू व्हायचे तर पुरुषाला सुंता करावी लागे आणि खाण्यापिण्याचे सगळे निर्बंध स्वीकारावे लागत. म्हणून ही माणसे उंबरठ्यावरच राहत. आजच्या तुर्कस्तानातील अफ्रोडिसियास येथे सापडलेल्या एका शिलालेखात जन्माने ज्यू असलेल्यांची आणि देवभीरूंची नावे वेगवेगळी कोरलेली आहेत.

पुढचे पाऊल छळातून पडले. जेरुसलेममध्ये स्टीफन या ग्रीक भाषिक ज्यू अनुयायाला दगडांनी ठेचून मारण्यात आले. त्याचे साथीदार पांगले. त्यांतील काही जण सिरियातील अँटिऑक या मोठ्या शहरात पोहोचले आणि तिथे थेट ग्रीक लोकांना उपदेश करू लागले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथानुसार ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम याच शहरात पडले. पुढे टार्ससचा पॉल आणि त्याचा सहकारी बार्नाबस यांनी येथूनच दूरदूर प्रचार केला.

लगेच वाद पेटला. जेरुसलेमहून आलेले काही जण म्हणू लागले, “आधी सुंता करा, मगच तुम्ही आमचे.” इ.स. ४९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये बैठक झाली. येशूचा भाऊ जेम्स, पीटर आणि पॉल तिघेही हजर होते. पॉल आपल्यासोबत टायटस नावाच्या ग्रीक सहकाऱ्याला घेऊन गेला होता. त्याची सुंता झालेली नव्हती आणि ती करण्याची सक्तीही त्याच्यावर झाली नाही. सुंतेची अट गेली. मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार वर्ज्य करावा, एवढ्या मोजक्या गोष्टी उरल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते.

तरीही ठराव झाला म्हणून मन बदलले, असे घडले नाही. पॉलने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात अँटिऑकचा एक प्रसंग आहे. पीटर तिथे यहुदीतर अनुयायांबरोबर एका पंगतीला जेवत असे. जेम्सकडून काही माणसे आली आणि पीटर हळूच बाजूला झाला. त्याचे पाहून इतर ज्यू, अगदी बार्नाबसही उठला. पॉलने पीटरला सर्वांसमोर जाब विचारला. त्याचे म्हणणे साधे होते: सोबत जेवत नसाल, तर बंधुत्वाची भाषा खोटी आहे. करिंथ शहरात हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. खाऊनपिऊन सुखी असलेले आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. या पंक्तिप्रपंचावरही पॉलने कडक शब्दांत लिहिले.

हा प्रसार कोणा राजाच्या आधाराने झाला नाही. घराघरांत बैठका होत. पॉल तंबू बनवून पोट भरी. अक्विला आणि प्रिस्किला हे जोडपेही त्याच व्यवसायातले. फिलिप्पी येथील लिडिया जांभळ्या कापडाचा व्यापार करी. इ.स. ११२ च्या सुमारास प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्रेजनला कळवले की, सर्व वयांचे, सर्व दर्जांचे स्त्री-पुरुष या पंथात आहेत. माहिती काढण्यासाठी त्याने ज्यांचा छळ केला, त्या पंथातील दोन सेविका गुलाम स्त्रिया होत्या.

या इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ख्रिस्तात गुलाम आणि स्वतंत्र असा भेद नाही, असे पॉलने मांडले. पण गुलामगिरी मोडा, असे सांगितले नाही. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. पुढे यहुदीतर बहुसंख्य झाले. ३८० मध्ये ख्रिस्ती धर्म साम्राज्याचा अधिकृत धर्म ठरला. ज्यांच्या घरातून हा धर्म निघाला, त्या ज्यूंचाच द्वेष मग शतकानुशतके झाला. म्हणजे दार उघडणारेही सत्ता हाती आल्यावर दुसऱ्यांसाठी दार बंद करू शकतात.

आपल्या परंपरेतही हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही आहे. शाक्य राजपुत्रांच्या आधी उपाली न्हाव्याला प्रव्रज्या मिळाली, असे विनयपिटक सांगते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. ती अट होती, पण आचरणाची. जन्म किंवा जात विचारणारी नव्हती.

आज ओबीसी, आदिवासी, भटक्या समाजांतून कोणी धम्माकडे येते, तेव्हा दीक्षेच्या मंचावर आपण टाळ्या वाजवतो. नंतर त्याला आपल्या घरी जेवायला किती जण बोलावतात? त्याच्या मुलामुलींशी सोयरिकीचा विचार किती जण करतात? विहाराच्या समितीत त्याला जागा मिळते का? आपणही आपली पोटजात विचारणे सोडले आहे का? जेरुसलेमच्या ठरावाची परीक्षा अँटिऑकच्या पंगतीत झाली. आपल्या प्रतिज्ञांची परीक्षाही आपल्या घरातल्या पंगतीतच होणार आहे.