फटीतून येणाऱ्या पावसाचं गणित

घराचं मुख्य दार साधारण सात फूट बाय तीन फुटांचं असतं. चौकट आणि झडप यांच्यामध्ये चारही बाजूंनी फक्त तीन मिलिमीटरची फट आहे असं धरा. एवढ्याशा फटीकडे कुणाचं लक्षही जात नाही. पण दाराचा घेर आहे वीस फूट, म्हणजे सहा मीटरहून थोडा जास्त. गुणाकार केला की सगळी फट मिळून १८० चौरस सेंटिमीटरच्या वर जाते. म्हणजे दार लावून, कडी घालून आपण निर्धास्त झोपतो तेव्हाही त्या दारात साडेतेरा सेंटिमीटर लांब आणि तेवढंच रुंद भोक उघडं असतं. भिंतीला एवढं भोक पडलं असतं तर त्याच दिवशी गवंड्याला बोलावणं गेलं असतं.

आता या भोकातून हवा ये-जा करते ती कशाच्या जोरावर? दाब मोजण्याचं एकक आहे पास्कल. झेरॉक्सचा एक कोरा कागद टेबलावर ठेवला तर तो टेबलावर जेवढा दाब देतो, तो एका पास्कलहून थोडा कमी भरतो. इतका क्षुल्लक! तरीही अर्ध्या पास्कलचा फरक असला की फटीतली हवा ताशी तीन किलोमीटरच्या आसपास वाहू लागते. आणि हा अर्धा पास्कल मिळवायला वाराही लागत नाही. आतली खोली बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी गार असली की पुरे. गार हवा जड, ती खाली बसते आणि उंबरठ्याजवळच्या फटीतून बाहेर सरकते. तिची जागा घ्यायला दाराच्या माथ्यावरच्या फटीतून गरम हवा आत येते.

हे डोळ्यांनी बघता येतं. खोली चांगली गार झाली की एसी आणि पंखा दोन्ही बंद करा, दोन मिनिटं हवा स्थिर होऊ द्या आणि पेटवलेली उदबत्ती बंद दाराच्या फटीपाशी धरा. खाली धुराची रेघ दाराकडे ओढली जाते. उदबत्ती हळूहळू वर न्या. एका उंचीवर धूर कुणीकडेही न झुकता सरळ वर जातो आणि त्याच्याही वर गेलात की तीच रेघ उलटी, तुमच्या अंगावर येते. एकाच दारात खालून हवा बाहेर जाते आहे, वरून आत येते आहे आणि मध्ये कुठेतरी ना आत ना बाहेर अशी एक अदृश्य रेषा आहे. हे पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो.

किनारपट्टीवर या हवेबरोबर पाणीही येतं, वाफेच्या रूपाने. तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असली तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. एसीच्या खोलीत, २५ अंश आणि ५० टक्क्यांना, तेवढ्याच हवेत साडेअकरा ग्रॅमच असतं. वरचे बारा ग्रॅम एसीला काढून टाकावे लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत साधारण ३० घनमीटर हवा असते. फटींमुळे ती तासाला एकदा बदलली, तर आठ तासांच्या रात्रीत जवळजवळ तीन लिटर पाणी होतं. एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली सकाळी भरलेली दिसते, त्यातला मोठा वाटा दारं-खिडक्यांच्या फटींतून आलेला असतो आणि त्या वाफेचं पाणी करायला लागलेली वीज आपल्याच बिलात येते.

पण खरी नवलाची गोष्ट खिडकीची आहे, सरकत्या अल्युमिनियमच्या खिडकीची. मुंबई-ठाण्यात, रत्नागिरीत, पणजीत पश्चिमेची झड सुरू झाली की खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचतं, बुडबुडे येतात आणि पाणी आतल्या कठड्यावरून उडी मारून गादीवर उतरतं. काचा नीट बसल्यात, सिलिकॉन मारलंय, तरी पाणी येतंच. मग बाहेरून आणखी सिलिकॉन मारलं जातं.

ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला, तळाशी, एक-दोन बारीक भोकं किंवा चिरा असतात. ट्रॅकमध्ये आलेलं पाणी तिथून बाहेर पडावं अशी ती योजना. वारा नसेल तेव्हा ते निमूट बाहेर पडतंही. ताशी ६० किलोमीटरचा वारा काचेवर आदळून थांबला की मात्र सुमारे १६७ पास्कलचा दाब देतो. पाण्याच्या एक मिलिमीटर उंचीचा दाब असतो ९.८ पास्कल. भागाकार करा: १७ मिलिमीटर. बाहेरचा वारा त्या भोकांवर हात दाबून धरतो म्हणा ना. खोलीतला दाब कमी, बाहेरचा जास्त. अशा वेळी ट्रॅकमधलं पाणी भोकाच्या पातळीपेक्षा १७ मिलिमीटर उंच चढल्याशिवाय त्याला बाहेर पडायला जोरच मिळत नाही. ट्रॅकचा आतला कठडा त्याहून बुटका असला की पाणी बाहेर जाण्याऐवजी घरात उतरतं. मला या हिशोबाचं फार अप्रूप वाटतं, कारण खिडकी विकत घेताना काचेची जाडी सगळे विचारतात, पण आतल्या कठड्याची उंची विचारणारा क्वचितच भेटतो. वारा दुप्पट झाला तर दाब चौपट होतो, हेही इथेच लक्षात ठेवायचं.

मग उपाय काय? नॉर्वेतल्या संशोधकांनी आणि कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या जी. के. गार्डन यांनी हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. गार्डन यांनी १९६३ मध्ये मांडलेला विचार असा की पाऊस भिंतीच्या आत शिरायला तीन गोष्टी एकाच वेळी लागतात: पाणी, फट आणि पाण्याला ढकलणारा जोर. पाऊस आपण थांबवू शकत नाही. प्रत्येक फट कायमची बुजवणं जवळपास अशक्य आहे. तेव्हा जोर काढून घ्या! बाहेरचं अंग मुद्दाम थोडं उघडं ठेवा आणि हवा अडवणारी पट्टी आतल्या अंगाला घट्ट बसवा. असं केलं की मधल्या पोकळीत बाहेरच्याइतकाच दाब तयार होतो. दोन्हीकडे दाब सारखा झाल्यावर पाण्याला आत ढकलणारं कुणी उरत नाही आणि ते आपल्या वजनाने खालच्या भोकातून निघून जातं.

म्हणजे खिडकी आतून बंद करायची, बाहेरून नव्हे. झडपेच्या कडेला असलेली लोकरीसारखी ब्रशची पट्टी किंवा रबर झिजलं असेल तर आतल्या बाजूचं आधी बदला. दोन झडपा मध्यभागी एकमेकांवर येतात तिथली पट्टीही पाहा, कारण तिथेच ती सगळ्यात आधी विरते. आणि बाहेरची ती तळाची भोकं सिलिकॉनने बुजवली असतील, तर कोरून मोकळी करा. गळतीवरचा उपाय म्हणून हीच भोकं बुजवलेली दिसतात तेव्हा जीव हळहळतो.

पाण्याची आणखी एक चाल आहे. फट जितकी बारीक, तितकं पाणी तिच्यात जास्त उंच चढतं. तीन मिलिमीटरच्या फटीत ते आपणहून अर्धा सेंटिमीटर चढेल, अर्ध्या मिलिमीटरच्या चिरेत तीन सेंटिमीटर आणि दशांश मिलिमीटरच्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या चिरेत चौदा-पंधरा सेंटिमीटर. म्हणून अर्धवट बुजवलेली फट कधी कधी उघड्या फटीपेक्षा वाईट. अल्युमिनियमची चौकट आणि भिंत यांच्यामध्ये व्हाइट सिमेंट भरतात, तिथे नेमकं हेच होतं. ऊन लागलं की अल्युमिनियम काँक्रीटच्या दुपटीने प्रसरण पावतं. आठ फुटी चौकट सकाळच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात तीस अंशांनी तापली, की तिची आणि भिंतीची वाढ यांत पाऊण मिलिमीटरचा फरक पडतो. सिमेंट ताणलं जात नाही. त्याला केसाएवढी चीर जाते आणि ती चीर पाणी शोषून घेते. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडं आत, जुने गवंडी बोटाएवढी खाच ठेवायचे, तीही याच कुळातली युक्ती आहे. पाणी छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीकडे चालत येतं. खाचेपाशी त्याची पकड सुटते आणि ते थेंब होऊन खाली पडतं.

सिलिकॉनची तर गंमतच. ट्यूबमधून निघालेली ती मऊ लगदी घट्ट होण्यासाठी वाळत नाही, उलट हवेतली वाफ पिते. व्हिनेगरसारखा वास येतो तो या क्रियेत सुटणाऱ्या ॲसिटिक आम्लाचा. असलं आम्ल सोडणारं सिलिकॉन सिमेंटला आणि संगमरवराला मानवत नाही. तिथे ‘न्यूट्रल’ लिहिलेली ट्यूब मागा. ते बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर या चालीने पक्कं होत जातं, त्यामुळे संध्याकाळी वरून कोरडं लागलं म्हणून बोट दाबून बघू नका. आणि एक गोष्ट कारागिराकडून आवर्जून करून घ्या: खोल फटीत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवायची आणि तिच्यावर सिलिकॉन भरायचं. दोरी नसली तर सिलिकॉन दोन्ही कडांना आणि तळाला, असं तीन बाजूंनी चिकटतं, मग फट रुंदावली की त्याला ताणायला मोकळीक राहत नाही आणि ते फाटतं. दोनच बाजूंना धरलेलं सिलिकॉन रबरासारखं ताणून पुन्हा मूळ जागी येतं.

लाकडी दाराचं दुखणं वेगळं. ते पावसाळ्यात फुगतं, चौकटीत अडकतं, मग सुतार येऊन रंधा मारतो आणि एप्रिलमध्ये त्याच जागी बोट जाईल एवढी फट पडते. लाकूड पेशींच्या भिंतींमध्ये हवेतली वाफ साठवतं आणि फुगतं, पण सगळीकडे सारखं नाही. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत भरपूर. आणि रुंदीतही वर्षवलयांच्या दिशेने फुगणं गाभ्याकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट. साग या बाबतीत बराच शहाणा आहे. तरीसुद्धा तीन फूट रुंदीचं नुसत्या सागवानी फळ्या जोडलेलं दार घेतलं आणि त्यातली ओल सहा टक्क्यांनी वाढली, तर ते रुंदीत जवळजवळ एक सेंटिमीटर वाढू शकतं. आता पॅनेलचं दार बघा. कडेच्या दोन उभ्या पट्ट्या चार-चार इंचांच्या, मधल्या फळ्या खाचेत नुसत्या अडकवलेल्या, सरस न लावता. फळी फुगली की खाचेत सरकते, दाराच्या मापाला धक्का लावत नाही. वाढतात फक्त त्या दोन पट्ट्या आणि त्यांची मिळून वाढ होते दोन-सव्वादोन मिलिमीटर. ज्या सुतारांनी हे दार घडवलं त्यांच्या हाताला हा हिशोब पक्का ठाऊक होता, याबद्दल मला शंका नाही.

म्हणून जुलैत फुगलेल्या दारावर लगेच रंधा चालवू नका. आधी दाराची वरची आणि खालची कड बघा. रंगारी समोरचं-मागचं अंग रंगवून जातो आणि या दोन कडा कोऱ्या राहतात. उभ्या पट्ट्यांचं आडवं कापलेलं तोंड तिथेच उघडं असतं आणि लाकूड तिथूनच सर्वांत वेगाने ओल पितं. उन्हाळ्यात दार बिजागऱ्यांवरून उतरवून या कडांना पॉलिश किंवा ऑइल पेंट द्या.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. तीन फुटी दाराखाली एक सेंटिमीटरची फट म्हणजे दाराच्या क्षेत्रफळाचा जेमतेम अर्धा टक्का. पण दार शिसवाचं असो की लोखंडाचं, ती फट असेपर्यंत आवाज सुमारे २३ डेसिबलपेक्षा जास्त कमी होऊ शकत नाही. रस्त्याच्या गोंगाटावर महागडं दार घेण्याआधी खालच्या फटीची पट्टी घ्या.

मग सगळंच घट्ट बंद करावं का? १९७७ मध्ये कॅनडातल्या रेजायना शहरात, जिथे हिवाळ्यात पारा उणे तीसच्या खाली जातो, ‘सस्कॅचवान कन्झर्व्हेशन हाउस’ नावाचं घर बांधलं गेलं. त्याच्या फटी कसोशीने बुजवल्या होत्या आणि घर तापवणाऱ्या नेहमीच्या भट्टीची गरजच उरली नव्हती. पण त्याच घरात शिळी हवा बाहेर टाकून ताजी आत घेणारं आणि जाता-येता उष्णता वाचवणारं यंत्रही मुद्दाम बसवलं होतं. घर जितकं घट्ट, तितकी हवेची वाट आपण हाताने आखून द्यावी लागते. विदर्भात डेझर्ट कूलर लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. समोरची खिडकी किलकिली ठेवली नाही तर कूलर गारव्याऐवजी चिकचिक देतो. आणि जिथे ज्योत जळते तिथे तर हा प्रश्न जिवाचा आहे. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालला की ऑक्सिजन घटतो, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. न्हाणीघराच्या दाराखालची फट आणि वरची जाळी कधीही बुजवू नका आणि गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावा.

मृग लागायच्या आधी एका रविवारी एवढं करा: खिडकीच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि ते बाहेर पडतंय का बघा. नाही पडलं, तर तळाच्या भोकांतली वर्षभराची धूळ बारीक तारेने काढा आणि पुन्हा ओता.